न्यूरॉनला सोडियम आणि पोटॅशियम चॅनेल पुरत असताना बाकीचे इतके प्रकार कशाला?

तुम्ही म्हणताय की हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनमधला (न्यूरॉन म्हणजे मज्जापेशी, तिच्या लांब तंतूतला) स्पाइक, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, दोनच प्रकारच्या चॅनेलवर (पेशीच्या पडद्यातल्या आयन ये-जा करणाऱ्या दारांवर) समजावला, मग मेंदूतल्या पेशींना एवढा पसारा कशाला. स्पाइक नुसता पुढे ढकलायचा असेल तर दोन खरंच पुरतात हो, पण पेशीला आलेल्या सिग्नलचं काय करायचं हेही ठरवावं लागतं आणि ते कुठलंच चॅनेल एकटं ठरवत नाही. एक उघडलं की व्होल्टेज हलतं, ते हललं की दुसरं उघडतं नाहीतर मिटतं, त्याचा परिणाम परत पहिल्यावर, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

मला हे नीट कळलं ते थॅलॅमसच्या (मेंदूतल्या, संवेदनांचे सिग्नल पुढे पाठवणाऱ्या भागाच्या) पेशीचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवताना. त्यात टी-टाइप कॅल्शियम चॅनेल असतं. पेशीचं व्होल्टेज उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास असलं की या चॅनेलला कुलूप लागलेलं असतं, तेव्हा करंट दिला तर स्पाइक एकेक करून येत राहतात. तीच पेशी थोडा वेळ उणे ८० च्या जवळ ठेवली की कुलूप निघतं, आणि आता करंट दिला तर कॅल्शियम आत घुसतं, व्होल्टेजला एक फुगवटा येतो, त्याच्यावर धडाधड चारपाच स्पाइक आणि मग एकदम शांत! करंट तोच होता, फक्त पेशी आधी कुठे बसली होती तेवढंच बदललं.

आता यात एचसीएन नावाचं आणखी एक चॅनेल घाला. हे चॅनेल उलट्या स्वभावाचं, व्होल्टेज खाली गेलं की उघडतं. ते पेशीला हळूहळू वर ओढतं, वर येता येता टी-टाइप उघडतं, स्पाइकचा झुबका येतो, तेवढ्यात एचसीएन मिटतं, टी-टाइपलाही कुलूप लागतं, पेशी परत खाली, की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून काहीही न देता ताल चालू राहतो, मी एचसीएन शून्य केलं तेव्हा तो थांबला, आणि ते बघून मी खरंच थक्क झालो होतो.

हेच एचसीएन हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाच्या) पिरॅमिडल, म्हणजे त्रिकोणी आकाराच्या पेशीत, डेंड्राइटवर (सिग्नल घेणाऱ्या फांद्यांवर) सोमापासून, म्हणजे पेशीच्या मुख्य भागापासून, लांब जाल तसं दाट होत जातं, आणि तिथे त्याचं काम वेगळंच, छोटे सिग्नल लवकर विझवायचं, म्हणजे ते एकावर एक साचत नाहीत.

वाचून पटत नसेल तर ‘न्यूरॉन’ नावाचं सिम्युलेटर फुकट मिळतं, त्यात थॅलॅमसची पेशी घ्या आणि फक्त एचसीएनचा आकडा कमीजास्त करून बघा, कुठे अडलात तर खाली विचारा.