शंका-समाधान : नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, असे वाचले. स्प्रेडशीटमध्ये करून पाहिला, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आले. चूक कुणाची?

उत्तर : स्प्रेडशीटची. ती १५ अंकच दाखवते. आपली संख्या १७ अंकी, म्हणून शेवटच्या दोन जागी शून्ये. चौकटीला टेक्स्ट केले की टाइप केलेले अंक शाबूत राहतात, पण त्यांवर गणित करायला गेलात की पुन्हा तेच. जावास्क्रिप्टमध्ये शेवटी ३२० दिसेल. तिथे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे एकही विषम संख्या मावत नाही, जवळची सम संख्या धरली जाते. पायथॉनचे पूर्णांक मात्र अचूक.

खरे तर कागदच बरा. नेहमीच्या गुणाकारासारख्या नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकवून लिहा. उभ्या रकान्यांत १, २, ३ असे करत ९ पर्यंत एक जमतात आणि मग उतरतात. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

प्रश्न : ही संख्या मूळ आहे का? कोणकोणत्या प्रकारांत बसते?

उत्तर : पूर्ण वर्ग मूळ असूच शकत नाही. अवयव पाडताना सतरा अंकांशी झटू नका, वर्गमुळाचे पाडा. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७; ही शेवटची मूळ आहे. ९ ने भागून १२३४५६७९ आले की पुष्कळजण तिलाच मूळ समजून थांबतात. ती ३७ × ३३३६६७ आहे. म्हणून आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि विभाजक ५ × ३ × ३ = ४५. स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज संख्येच्या सुमारे ५३.५ टक्केच भरते, म्हणून ती न्यून.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने निःशेष भागही जातो (भागाकार १२३४५६७९ चा वर्ग). म्हणजे ती हर्षद. पण बेरीज ८१ आहे म्हणून भाग गेला, असे मानू नका. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच : १८९९ ची बेरीज २७, तरी २७ ने भागता बाकी ९.

प्रश्न : हिला डेम्लो का म्हणतात?

उत्तर : १, १२१, १२३२१ या मालिकेतली ही नववी. डेम्लो आणि हर्षद ही दोन्ही नावे देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेली. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव; या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली.

वाचायची कशी, हेही काहींनी विचारले आहे. लीलावतीतल्या स्थानांप्रमाणे पहिला १ ‘मध्य’ स्थानी येतो. रोजच्या बोलीत : १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, वर ७६ लाख ५४ हजार ३२१.