सरकारी अभियोक्ता म्हणजे आपला वकील नव्हे

तुमच्या आईची पोत ओढली त्या केसचं समन्स आलंय आणि पोलिस म्हणाले "सरकारी अभियोक्त्यांना भेटा", तर हा सरकारी वकीलच का आणि आपला वेगळा लावायचा का, असं विचारलंय. हो, तोच. अभियोग म्हणजे प्रॉसिक्युशन, तो चालवणारा अभियोक्ता. एमपीएससीच्या जाहिरातीत "सहायक सरकारी अभियोक्ता" लिहितात, आमच्या इथल्या कोर्टात मात्र सगळे एपीपी (असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर) साहेब नाहीतर एपीपी मॅडम म्हणतात, अभियोक्ता म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

घोळ होतो तो "सरकारी वकील" या शब्दाने, कारण जमिनीच्या दाव्यात सरकारची बाजू मांडणाराही सरकारी वकील आणि गरीब आरोपीला लीगल एडमधून फुकट मिळतो त्यालाही लोक सरकारी वकीलच म्हणतात, म्हणजे आरोपीचा हा वकील आणि एपीपी दोघं समोरासमोर उभे आणि नाव एकच!

आता मुद्द्याचं. फिर्याद आईची असली तरी केस "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" अशी चालते, आई त्यात साक्षीदार. माझ्या मामाची बाईक चोरीला गेली होती तेव्हा तो तारखेला खिशात पाकीट घेऊन गेला, मॅडम तुमची फी किती म्हणून. एपीपी मॅडम फायलींच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाल्या, "काका, मी तुमची वकील नाही, सरकारची आहे, पगार मिळतो मला, तुम्ही आधी जबाब वाचा."

मॅजिस्ट्रेटपुढे एपीपी, सेशन कोर्टात पीपी म्हणजे पब्लिक प्रॉसिक्युटर (त्याला किमान ७ वर्षं वकिली लागते), आणि विशेष सरकारी वकील म्हणजे २६/११ ला उज्ज्वल निकम होते तसे, त्यांना किमान १० वर्षं.

खाजगी वकील लावता येतो, पण तो एपीपीच्या सांगण्यानुसारच काम करतो, पुरावा संपल्यावर कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद देतो. पूर्वी हे सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ३०१ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) ३३८. चेक बाउन्सला मात्र एपीपी नसतो, तिथे स्वतःचाच वकील लागतो. पोतीच्या केसला मी तरी खर्च करणार नाही.

तारखेला जरा लवकर जा, एपीपींकडून आईला जबाब वाचायला घ्या. आणि पोत सुपुर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) परत मिळाली असेल तर मोडून नवीन करू नका हां, कोर्टात ओळखायला तीच दाखवावी लागू शकते.