मुंबई ते ऑकलंड: खरं अंतर कसं मोजायचं

मुंबईहून ऑकलंड विमानाने किती लांब, आणि न्यूझीलंडला राहायला गेल्यावर आईवडिलांना भेटायला वर्षातून एकदा येणं जमेल का, असं विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते इथे पुन्हा लिहीत नाही. अंतराबद्दल लिहिते, कारण इथे राहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात तेच मोजत असतो.

सरळ अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर. थेट विमान नाही. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच पडतं: मुंबईहून तिथवर ३,९०० किलोमीटर, साधारण साडेपाच तास, पुढे ८,४००, साधारण दहा तास. परतीला समोरून वारा असतो, म्हणून ऑकलंड–सिंगापूरला अर्धा-पाऊण तास जास्त धरा. दुबईमार्गे आधी उलट्या दिशेला जायचं, मग मागे फिरायचं. बेरीज १६,००० च्या वर, आणि त्यातलं दुसरं उड्डाण एकट्याने सोळा तासांचं. तिकीट स्वस्त दिसलं तरी लहान मूल बरोबर असेल तर हा मार्ग घेऊ नका. ऑस्ट्रेलियात विमान बदलणार असाल तर भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण तो आधी काढावा लागतो.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं असली तर मधल्या विमानतळावर सामान सोडवून पुन्हा द्यावं लागू शकतं, म्हणजे त्या देशात शिरण्याचा व्हिसा आला. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही. वेलिंग्टन किंवा क्राइस्टचर्चला जायचं असेल तर ऑकलंडला सामान घेऊन जैवसुरक्षा तपासणीतून (बाहेरची कीड-रोगराई देशात येऊ नये म्हणून होणारी तपासणी) जावं लागतं, मग देशांतर्गत टर्मिनलपर्यंत दहा मिनिटं चालणं. मध्ये तीन तास ठेवा. बरोबर आणलेला खाण्याचा प्रत्येक जिन्नस प्रवेशाच्या फॉर्मवर लिहा. लिहून दिलेली वस्तू फार तर काढून घेतील. न लिहिल्यास ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

वर्षातून एकदा येणं अडतं ते शाळेमुळे. इथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, आणि भाडीही तेव्हाच सगळ्यात चढी. मे महिना भर सत्रात, गणपती आणि दिवाळी बहुधा सत्रातच. मुलांनी आजोळची मेची सुट्टी पाहिलीच नाही, ही गोष्ट वर्षं गेली तरी मनातून जात नाही. जुलैत दोन आठवडे मिळतात, पण त्यातले तीन दिवस जाण्यायेण्यातच जातात.

एकटेपणाचं म्हणाल तर पहिलं वर्ष जड जातं, मग माणसं मिळतात. त्याची फार धास्ती घेऊ नका. धास्ती वाटावी असं दुसरंच आहे. मुंबईत रात्रीचे नऊ म्हणजे इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. तेव्हा वाईट बातमीचा फोन आला आणि त्याच दिवशीचं तिकीट मिळालं, तरी दारापासून दारापर्यंत चोवीस ते तीस तास लागतात. आपल्याकडे अंत्यविधी सहसा तितका थांबत नाही. थांबवायचं की नाही, हे निघण्याआधीच आईवडिलांशी आणि भावंडांशी बोलून ठरवा. बोलणं कठीण आहे, तरी बोला.

आणि कागद तयार ठेवा. रहिवासी व्हिसावर परत येण्याची मुदत दिलेली असते, ती संपू देऊ नका. मूल न्यूझीलंडच्या पासपोर्टवर असेल तर त्याचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) लगेच काढा. त्यासाठी मुलाच्या आईवडील दोघांची कागदपत्रं लागतात आणि फोटो किंवा सहीत खोट निघाली की अर्ज परत येतो, आठवडे जातात. त्या पहाटे हे करायला वेळ नसतो.