वाफेच्या विहिरी आणि वीज कंपन्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : केनियाची चाळीस टक्क्यांहून जास्त वीज जमिनीतल्या वाफेवर होते, असं वाचलं. एखाद्या वीज कंपनीला हा मार्ग धरायचा तर सुरुवात कुठून करावी लागते? (पुणे)

आधी वाफ सिद्ध करायची, टर्बाइनची निविदा त्यानंतर. केनियात नैवाशा तळ्याजवळ ओल्कारिया इथे १९५६ साली दोन विहिरी खोदल्या, पण त्यांतून वाफ उसळली नाही. पहिला १५ मेगावॉटचा संच सुरू व्हायला १९८१ साल उजाडलं. घाईची सवय असलेल्या कंपनीने हा काळ लक्षात ठेवावा.

पहिला टप्पा स्वस्त असतो. झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिका, सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रमाणावरून खोलवरचं तापमान अंदाजता येतं. जमिनीची विद्युतरोधकता मोजून गरम पाण्याचा साठा कुठे असावा, ते कळतं. त्यानंतर दोन-तीन शोधविहिरी, साधारण दोन ते तीन किलोमीटर खोल. खरा पैसा इथे जातो आणि विहीर कोरडी निघाली तर तो बुडतो. बँका या टप्प्यावर सहसा कर्ज देत नाहीत. म्हणून केनिया सरकारने २००८ साली जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी काढली. खोदाईची जोखीम सरकारी कंपनीने उचलायची आणि वाफ वीज उत्पादकांना विकायची, असा केनियातल्याच मेनेंगाई या वाफेच्या क्षेत्रातला व्यवहार आहे. माझ्या मते घेण्यासारखी गोष्ट आहे ती हीच.

वाफ लागली की विहीर काही आठवडे ते काही महिने मोकळी वाहू देऊन दाब, प्रवाह आणि वायूंचं प्रमाण मोजतात. ही चाचणी आखडती घेऊ नये, कारण सुरुवातीचा जोर नंतर उतरतो. ढोबळ हिशेब असा : एका मेगावॉटला ताशी सात ते आठ टन वाफ. ३५ मेगावॉटच्या केंद्राला ताशी सुमारे २६० टन. एका विहिरीमागे पाच मेगावॉट धरले तर सात चालू विहिरी, वापरलेलं पाणी परत सोडायला दोन-तीन, आणि एखादी राखीव.

वीजखरेदी करारातही एक खाच आहे. वाफेची विहीर नळासारखी रोज उघड-बंद करता येत नाही. तापणं-निवणं वारंवार झालं की केसिंग (विहिरीत बसवलेला पोलादी नळ) आणि त्यामागचं सिमेंट तडकतं. मागणी घटली तर वाफ हवेत सोडावी लागते. तेव्हा हे केंद्र पायाभूत भारासाठी, म्हणजे रात्रंदिवस सारख्या लागणाऱ्या विजेसाठी धरावं आणि दर ठरवताना स्थिर आकार (वीज कमी घेतली तरी द्यायची रक्कम) वेगळा ठेवावा.

प्रश्न : साखर कारखान्यात बॉयलरवर काम करतो. तिथे आम्ही पाणी शुद्ध करून घेतो. जमिनीतलं पाणी तर क्षारांनी भरलेलं असणार, मग यंत्रं टिकतात कशी? (कोल्हापूर)

शंका अगदी नेमकी आहे. कॅल्शियम कार्बोनेट विहिरीतच बसतं, जिथे पाणी उकळायला लागतं त्या खोलीवर. त्याच्याही खाली बारीक नळीने क्षाररोधक रसायन सोडतात. उशीर झाला तर थर रिगने (खोदाईयंत्राने) खरवडून काढावा लागतो. सिलिकाचा त्रास पुढे, सेपरेटरनंतर (तिथे वाफ आणि पाणी वेगळं होतं) आणि परतीच्या पाइपात. पाणी निवलं की ती बसते. उपाय म्हणजे सेपरेटरचा दाब चढा ठेवून पाणी गरम असतानाच जमिनीत परत घालणं, किंवा थोडं आम्ल देऊन तिचं बसणं लांबवणं. दाब चढा ठेवला तर वाफ कमी सुटते, म्हणजे काही वीज गमवावी लागते. ती गमवावी, चोंदलेली परतीची विहीर त्याहून फार महाग पडते.

वाफेसोबत कार्बन डायऑक्साइड येतो. तो कंडेन्सरमध्ये (टर्बाइननंतर वाफेचं पाणी होतं तिथे) साचला की निर्वात बिघडतो, म्हणून तो ओढून काढणारे इजेक्टर किंवा व्हॅक्यूम पंप अखंड चालू ठेवतात. हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो. रिले आणि कंट्रोल पॅनेलच्या खोलीत कार्बन फिल्टरमधून गाळलेली हवा बाहेरपेक्षा किंचित जास्त दाबाने भरतात. ही व्यवस्था निविदेत राहून गेली की कारण कळत नाही आणि संच मात्र ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत राहतो.

खोदाईतली चूक याहून वाईट. दोन केसिंगच्या मधे पाणी अडकलं आणि वर सिमेंट बसलं, तर विहीर तापल्यावर ते पाणी फुगून आतलं केसिंग चेपवतं. सिमेंट तळापासून थेट वरपर्यंत भरलंच पाहिजे.

प्रश्न : वाफ संपते का? (नाशिक)

उष्णता सहसा टिकते, पाणी आधी आटतं. कॅलिफोर्नियातल्या ‘द गायझर्स’ क्षेत्रात १९६० साली ११ मेगावॉटने सुरुवात झाली. पुढे एकावर एक संच लागले आणि १९८०च्या दशकाअखेर वाफेचा दाब उतरला. उपाय सांडपाण्यात सापडला : १९९७पासून लेक काउंटीचं आणि २००३पासून सांता रोझा शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी नळाने आणून तिथे जमिनीत सोडतात.

प्रश्न : आम्ही कोयनेच्या परिसरातले. यातून भूकंप होतील का? (पाटण)

नैसर्गिक साठ्यांवर बहुधा बारीक हादरेच नोंदले जातात. कोरड्या खडकात उच्च दाबाने पाणी घुसवून भेगा पाडण्याची पद्धत मात्र जपून वापरावी लागते. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ साली साडेपाचच्या आसपासचा भूकंप झाला, त्याचा संबंध अशाच प्रकल्पाशी जोडला गेला. कोयनेच्या पट्ट्यात ही पद्धत नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : उन्हवऱ्याच्या कुंडात हात घालवत नाही, इतकं पाणी कढत असतं. महावितरणला त्यातून वीज का मिळू नये? (दापोली)

तिथलं पाणी सुमारे ७० अंश. अलास्कात चीना इथे २००६पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते; पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव फिरवून टर्बाइन चालवतात. पण तिथे थंड करायला चार अंशांचं पाणी आहे, तरी कार्यक्षमता जेमतेम आठ टक्के. कोकणात थंड बाजू तीस अंशांची. चार टक्के धरा. सेकंदाला दहा लिटर पाणी ७०वरून ५५ अंशांवर आणलं तर सुमारे ६३० किलोवॉट उष्णता मिळते, वीज पंचवीस किलोवॉट, आणि त्यातली बरीच पंप-पंख्यांतच जाते. लडाखच्या पुगा खोऱ्यात थंड हवेची बाजू भक्कम आहे; ओएनजीसीने २०२१ साली तिथल्या प्रकल्पासाठी करार केला, त्यामागे हेही गणित असावं.

दापोलीत ती ६३० किलोवॉट उष्णता सरळ वापरावी : आमसुलं, आंबापोळी, सुकी मासळी वाळवायला. पावसाळी हवेत वाळवणाचा प्रश्न मोठा असतोच. कुंडाचं पाणी थेट ड्रायरमध्ये नेऊ नका, मधे प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता पातळ प्लेटांमधून उष्णता पलीकडे देणारं उपकरण) घाला. कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांत क्लोराइड असतं, त्यामुळे ३०४ जातीच्या स्टेनलेस पोलादाला खड्डे पडतात. पाणी तपासून ३१६ किंवा टायटॅनियमच्या प्लेटा घ्या. आणि कुंडाच्या शेजारी बोअर मारण्याआधी वर्षभर पाण्याची पातळी नोंदवा, नाहीतर कुंडच कोरडं पडायचं.