नवी ‘प्रजाती’ नव्हे, नवी जाती

देवरुखहून प्रश्न आला आहे: वहाळात मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची ‘नवी प्रजाती’ सापडली असं लिहावं की ‘नवी जाती’? आणि मेफ्लायला मराठीत काय म्हणावं?

जाती! ही चूक ऐकून कान किटले. मराठी विश्वकोशाची उतरंड गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज. आंबोलीच्या हिरण्यकेशीतल्या माशाचं २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं नामकरण झालं, तेव्हाही ‘नवी प्रजाती’च कानावर पडत होती. अहो, शिस्टुरा ही प्रजाती एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, नवी होती ती जाती! हिंदीतली स्पीशीजसाठीची ‘प्रजाति’ आपण डोळे मिटून उचलली.

काही जाणकार म्हणवणारे सांगतात, प्रशाखा शाखेहून लहान, तशी प्रजाती जातीहून लहान. साफ अमान्य. मग प्रपितामह पितामहाहून धाकटा का? ‘प्र’ वरही नेतो, खालीही. अर्थ ठरतो तो परिभाषेने, उपसर्गाच्या जोरावर नव्हे.

खरी गंमत ‘स्पीशीज’ शब्दात आहे. लॅटिन ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. आपलं संस्कृत ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ याच मुळातले. स्पीशीज म्हणजे मुळात दिसणारं रूप! माझं तर मत आहे की हा अर्थ मेफ्लायइतका कुणीच जिवंत ठेवलेला नाही. वहाळातला दगड उलटा, खाली चपटं पिल्लू चिकटलेलं असतं. पोटाच्या कडांना पानासारखे कल्ले, मागे दोन-तीन शेपटीचे तंतू. जाती ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांचा आकार, जबड्याचे दात, पायाची नखी बघत बसायचं. पुढे पंख फुटतात, आणि त्यानंतरही तो एकदा कात टाकतो. हयात कीटकांत हे फक्त याच गणात घडतं. प्रौढाला खाता येत नाही, बहुतेकदा काही तास ते दोन-चार दिवसांत संपतो. एकाच जिवाची इतकी रूपं! म्हणून पिल्लू वाढवून किंवा डीएनए ताडून कोणतं पिल्लू कोणत्या प्रौढाचं ते जुळवतात. मग वर्णन छापतात, नावाचा आधार ठरणारा नमुना संग्रहालयात ठेवतात. तेव्हा कुठे ती ‘नवी जाती’ होते, नुसती वहाळात सापडून नव्हे.

हां, मराठी नाव. ‘मे-माशी’ नको, माश्यांचा गण वेगळा. सरळ मेफ्लाय लिहा.