घरून नेलेल्या रक्ताचा रिपोर्ट किती खरा?

घरी येऊन रक्त नेण्याची सोय वाढली तशी पत्रंही वाढली. शंका मात्र त्याच त्या, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर पाणी चालतं का?

साधं पाणी चालतं. चहा नको, बिनसाखरेचाही नको.

प्रश्न : आईचं वय ७२, बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे. घरून नेलेल्या रक्तात पोटॅशियम ६.२ आलं. शेजारी म्हणाले, घरच्या रक्तात असं होतंच. आठ दिवसांनी दवाखान्यात तपासलं तर ४.३. रक्त नेणारा म्हणतो, नमुना बर्फात होता. मग चूक कुठे झाली?

आधी त्या आठ दिवसांबद्दल. ६.२ खरं असतं तर हृदयाचे ठोके बिघडू शकले असते, आणि टेल्मिसार्टनने पोटॅशियम खरंच वाढतं. असा आकडा आला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ईसीजी आणि पुन्हा रक्त. शेजाऱ्यांचं मत यात घेऊ नका.

आता बर्फाचं. बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, आल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात. त्या साखर खात राहतात. साध्या तापमानाला साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाचा फ्लोराइडचा बल्ब लागतो. त्याचाही पूर्ण परिणाम व्हायला तासभर तरी जातो. पोटॅशियमचं उलटं आहे. ते पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं आणि त्याला आत ओढून ठेवणारी यंत्रणा थंडीत मंदावते. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, वेगळं न करता रक्त बर्फात तासन्‌तास राहिलं, की पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटून सिरम लालसर झालेलं दिसतही नाही, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. म्हणजे ज्या बर्फाची तो ग्वाही देतोय, त्यानेच घोटाळा केला असण्याची शक्यता मोठी. पट्टा बांधून मूठ उघडझाप करायला लावली, जांभळ्या झाकणाच्या बल्बातलं (त्यात पोटॅशियमयुक्त रसायन असतं) रक्त दुसऱ्यात ओतलं, तरी पोटॅशियम असंच खोटं वाढलेलं दिसतं. रक्त किती वाजता काढलं आणि सिरम किती वाजता वेगळं झालं, या दोन वेळा लॅबकडे मागा. तुमच्या घरानंतर त्याची आणखी बारा घरं असतील तर मला तो रिपोर्ट पटणार नाही. आईची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : ग्लुकोमीटर १३०, लॅब ११८. मशीनमधून नेहमी १० वजा करायचे, हे खरं का?

खोटं. असा ठरावीक फरक नसतो. २०१३च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय निकषानुसार १०० किंवा त्यापुढच्या आकड्याला १५ टक्के फरक मान्य आहे, तुमचा त्यात बसतो. आंबा कापलेल्या हाताने टोचलं तर आकडा फुगतो, म्हणून हात धुऊन कोरडे करा. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. औषधाचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

प्रश्न : ९९९ रुपयांत ८० तपासण्या घ्याव्यात का?

८० तपासण्या नव्हेत, ८० ओळी. एका सीबीसीच्याच (रक्तपेशींच्या मोजणीच्या) वीसेक होतात, काही आकडे तर नुसते गणिताने काढलेले असतात. कोणती तपासणी हवी ते डॉक्टरांना ठरवू द्या. त्या तपासणीला एनएबीएल, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, तेवढं लॅबला विचारा.

प्रश्न : केसांसाठी बायोटिन घेते. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच अचानक कमी आलं.

काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसतं. डॉक्टरांना सांगून ते किमान दोन दिवस थांबवा, मग पुन्हा तपासा. तोवर थायरॉइडची गोळी आहे तशीच चालू द्या.