प्रीमेडच्या पहिल्याच सेमिस्टरला तीन लॅब घ्यायच्या का?

ऑगस्ट आला की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी पालकांचे फोन सुरू होतात, ज्यांची मुलं प्रीमेड म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीने कॉलेज सुरू करतायत, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "ताई, सायन्सचे विषय कमी घेतले तर पोरगी मागे पडेल का हो?"

न्यू जर्सीतल्या एका मुलीची केस सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पठ्ठीने पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स तिन्ही लॅबसकट घेतलेले, वर कॅल्क्युलस आणि रायटिंगचा कंपल्सरी कोर्स, एकूण १९ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे कोर्सच्या भाराचं माप). बाबा म्हणाले, आम्ही बारावीला पीसीएमबी एकदम केलंच की! केलं, मान्य. पण तेव्हा खरा हिशोब वर्षाच्या शेवटी बोर्डात व्हायचा, इथे सप्टेंबर संपता संपता पहिली मिडटर्म येते आणि क्विझ, लॅब रिपोर्ट सगळं ग्रेडमध्ये धरलं जातं.

मी तिला एक कोरा कागद दिला आणि आठवडा मांडायला लावला. मंगळवारी एक ते चार केमिस्ट्री लॅब, बुधवारी फिजिक्सची, गुरुवारी बायोची. कागदावर लॅबला जेमतेम एक क्रेडिट, पण तीन तास तिथे उभं राहायचं, आधी प्रीलॅब करायची, नंतर रिपोर्ट लिहायचा, आणि तो रविवारी रात्री ११:५९ पर्यंत अपलोड. हे भरल्यावर प्रॉब्लेम सोडवायला वेळ उरला तो रात्री दहानंतरचा. ती स्वतःच म्हणाली, मावशी, यात जेवायचं कधी?

आता मुद्द्याचं. मेडिकल कॉलेजला बायो, जनरल केम, ऑरगॅनिक आणि फिजिक्स साधारण एकेक वर्ष लॅबसकट लागतात, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीपण. पण ते पहिल्या वर्षात उरका असं कुणी म्हटलेलं नाही. उलट बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज ज्या ॲमकास सिस्टीममधून जातात ती सायन्स-मॅथ्सचा जीपीए (ग्रेडची चारपैकी सरासरी) वेगळा काढते, आणि विषय रिपीट केला तरी जुनी ग्रेड पुसत नाही, दोन्ही धरते. म्हणजे केमिस्ट्रीत आधी सी प्लस आणि परत घेऊन ए आला तरी त्या विषयाची सरासरी ३.१५ च. लवकर उरकल्याचे एक्स्ट्रा मार्क नाहीत, घाईत पडलेली ग्रेड मात्र अर्जापर्यंत सोबत येते.

म्हणून आम्ही फिजिक्स सरळ तिसऱ्या वर्षात ढकललं. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी द्यायची असेल तर तेव्हा ते ताजंही राहतं. कॅल्क्युलस स्प्रिंगला, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला, त्याच्या जागी सायकॉलॉजी, ती २०१५ पासून एमकॅटमध्ये आहेच. झाले १४ क्रेडिट. फुलटाइमला १२ पुरतात, पण स्कॉलरशिप असेल तर तिची अट आधी वाचा, काहींना १५ लागतात. आणि प्लेसमेंट टेस्टमध्ये केमिस्ट्री कच्ची निघाली तर मी बायोपण पुढे ढकलायला सांगते, पहिल्या सेमिस्टरला एकच लॅब, त्यात लाज कसली?

आईचा प्रश्न होता एपीचा, म्हणजे शाळेतच दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेचा. केमिस्ट्रीत पाचपैकी पाच आहेत, मग परत कशाला? कारण काही मेडिकल कॉलेज एपी क्रेडिट रिक्वायरमेंटला धरत नाहीत, काही त्याऐवजी वरच्या लेव्हलचा कोर्स मागतात. ज्या पाच-सहा कॉलेजांवर डोळा आहे त्यांच्या साइटवर बघून मगच ठरवा, शेजारच्यांच्या मुलावरून नको.

पहिल्या मिडटर्मला तिला केमिस्ट्रीत ७१ पडले, घरात सुतकी वातावरण! पण वेळ होता म्हणून प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला (शंका विचारायच्या वेळेला) जाता आलं, पुढची परीक्षा सुधारली. तीन लॅब असत्या तर कोर्स मध्येच सोडायची, म्हणजे विथड्रॉ करायची वेळ आली असती, आणि ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू दिसतोच. कोर्स सोडायच्या डेडलाइन मात्र कॅलेंडरवर आजच टाका, ड्रॉपची (सुरुवातीलाच सोडायची) वेगळी आणि विथड्रॉची वेगळी असते. स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन बहुतेक ठिकाणी फॉलमध्येच, म्हणजे पहिल्या सेमिस्टरमध्येच उघडतं, तेव्हा मिडटर्मचे मार्क समोर ठेवून मग बोला कॅल्क्युलस घ्यायचं की नाही ते.